मुक्तीदिनाच्या परेडमध्ये बँड काय सांगत असतो

१९ डिसेंबरला पणजीत ध्वज फडकतो, परेड होते, हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. या साऱ्याच्या कडेला गणवेशातला एक बँड वाजत असतो. बहुतेकांच्या लेखी तो सोहळ्याची शोभा असतो. मैदानावरच्या जवानांना मात्र पाय कधी उचलायचा, कधी थांबायचं, मान कधी खाली घालायची हे बरंचसं त्याच्याकडूनच कळत असतं. तोंडी हुकूम मोजके असतात, बाकीचं ड्रम आणि बिगुल सांगतात. ही भाषा समजली की मुक्तीदिन, प्रजासत्ताक दिन, नौदल दिन किंवा पणजीतल्या २ सिग्नल ट्रेनिंग सेंटरमधली जवानांची कसम परेड, सगळं वेगळ्या कानांनी ऐकता येतं.

बँड तीन तऱ्हेचे

मिलिटरी बँडमध्ये लाकडी फुंकवाद्यांचं घराणं (बासरी, पिकोलो, क्लॅरिनेट, आणि अंग पितळी असलं तरी रीडच्या पत्तीमुळे यातच मोडणारा सॅक्सोफोन), पितळी वाद्यं (कॉर्नेट, ट्रम्पेट, फ्रेंच हॉर्न, ट्रॉम्बोन, युफोनियम आणि सर्वांत खालचा बास) आणि तालवाद्यं असे तीन गट असतात. ब्रास बँडमध्ये पत्तीची वाद्यं नसतात. तिसरा पाईप बँड, म्हणजे मशकवाद्य (बॅगपाईप) आणि ड्रम.

मशकवाद्याला स्वर नऊच. सप्तक भारतीय कानाने ऐकलं तर निषाद कोमल, म्हणजे खमाज थाट. आवाज लहान-मोठा करता येत नाही आणि मधे थांबताही येत नाही, कारण पिशवीतली हवा सतत वाहत असते. एकच स्वर दोनदा वाजवायचा तर मधे दुसऱ्या स्वराचा निसटता स्पर्श द्यावा लागतो. पाईप बँडच्या धुनेत जी सततची किणकिण ऐकू येते ती याच गरजेतून आलेली आहे. शिवाय मशकवाद्याची पट्टी सहसा पितळी बँडपेक्षा थोडी चढी असते. दोन्ही बँड एकत्र वाजवायचे असतील तर आधी पाईप त्या पट्टीला आणून घ्यावे लागतात. ते न करता एकत्र उभे केले तर कितीही तालीम करा, बेसूर राहणारच.

शाळेच्या किंवा गावच्या गायकाला बँडबरोबर गायचं असतं तेव्हा पट्टीचा घोळ होतो. कॉर्नेटवाला कागदावरचा सी वाजवतो तेव्हा कानावर पडतो बी फ्लॅट, म्हणजे पेटीवरची काळी पाच. आल्टो सॅक्सोफोनचा तोच सी काळी दोनवर पडतो, फ्रेंच हॉर्नचा पांढरी चारवर. म्हणून बँड काळी पाच, काळी दोन आणि पांढरी चार या पट्ट्यांत सर्वांत मोकळा वाजतो. गायकाने पांढरी दोन, तीन किंवा सहा मागितली की वादकांपुढे चार, पाच, सहा शार्प (अर्ध्याने चढे स्वर) येतात, बोटं अडखळतात आणि नवख्या वादकाचे स्वर चुकतात. उपाय सोपा आहे. पांढरी दोनऐवजी काळी एक किंवा काळी दोन घ्यावी. गायकाला अर्ध्या स्वराचा फरक पेलतो, बँडचं मात्र अर्धं ओझं उतरतं. आणि बँडमास्तरशी बोलताना नुसतं "सी मध्ये" म्हणू नये. "पेटीवरची पांढरी एक" म्हटलं की गैरसमज उरत नाही.

पाऊल, ठोका आणि उशिरा पोचणारा आवाज

"तेज चल" म्हणजे मिनिटाला १२० पावलं. एक पाऊल ३० इंचांचं धरलं तर मिनिटात ३०० फूट, म्हणजे सुमारे ९१ मीटर. "धीरे चल"ला हाच वेग मिनिटाला सत्तरच्या आसपास येतो. लाइट इन्फन्ट्री आणि रायफल पलटणींची चाल परंपरेने याहून जलद, १४० पर्यंत. बास ड्रमचा मुख्य ठोका पडतो तो डाव्या पायावर. चालताना जवान सूर ऐकत नाही, तो हा ठोका पकडून असतो. म्हणून बास ड्रम बँडच्या मधोमध ठेवतात. ट्रॉम्बोन पहिल्या रांगेत असतात, कारण त्यांची दांडी पुढे सरकते आणि समोर माणूस असेल तर त्याच्या पाठीला लागते.

आता एक अडचण, जी कुठल्याही लांब परेडमध्ये डोळ्यांना दिसते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. १२० च्या चालीत एक पाऊल अर्ध्या सेकंदाचं असतं. बँडच्या मागे ३४ मीटरवर चालणाऱ्याला ठोका सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा ऐकू येतो, म्हणजे पावलाचा पाचवा हिस्सा. ८५ मीटरवर हा उशीर पाव सेकंदाचा होतो. पुढच्या जवानाचं पाऊल टेकून अर्धं पाऊल उलटलेलं असतं तेव्हा कुठे मागच्याचं टेकतं. दोघेही आपापल्या कानांनी अचूक चालत असतात, तरी वरून पाहणाऱ्याला रांगेतून लाट जाताना दिसते. जवान चुकले असं म्हणणं अन्याय आहे.

यावर तोड म्हणून मार्चपास्टच्या वेळी बँडला सलामी मंचासमोर, तुकड्यांच्या पलीकडे उभं करतात. प्रत्येक तुकडी मंचासमोर येते तेव्हा बँडपासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असते, त्यामुळे जिथे पाहुणे पाहतात तिथे तरी पाय जुळतात. मागच्या तुकड्यांना कानापेक्षा पुढच्याच्या टाचेकडे लक्ष ठेवायला शिकवलेलं असतं.

ध्वनिक्षेपक लावणारे या सगळ्यावर नकळत पाणी फिरवतात. बँडसमोर माईक ठेवला की ठोका तारेतून लगेच मैदानाच्या दुसऱ्या टोकाच्या कर्ण्यातून बाहेर पडतो आणि बँडचा मूळ आवाज मागाहून पोचतो. मधे असलेल्यांना दोन बास ड्रम ऐकू येतात. मार्चपास्ट चालू असताना ड्रमसमोरचे माईक बंद ठेवावेत, कर्णे निवेदनासाठी राखावेत. बँडला कर्ण्याची गरज नसतेच.

कुठली धून चालेल, कुठली नाही

गोव्यात पाश्चात्त्य वाद्यं इतक्या सहज हाताळली जातात याचं मूळ चर्चच्या पॅरिश शाळांत आहे. तिथला मेस्त (संगीतशिक्षक) मुलांना सोल्फेज शिकवी, म्हणजे दो-रे-मी नुसतं म्हणायला नव्हे तर कागदावरून वाचायला. त्याच्या जोडीला व्हायोलिन, मग एखादं फुंकवाद्य. ज्याला वाचता येतं तो अनोळखी धून पहिल्या दिवशी वाजवू शकतो. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या पलटणींना आणि संस्थानिकांच्या बँडांना नेमकी अशी माणसं हवी होती, आणि गोंयकार वादक तिथवर पोचले. इथल्या गावांत फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, पहाटे अल्वोराद (पहाटेची धून) वाजवत फिरणारे बँड आणि मिरवणुकीतले बँड याच शिकवणीतून उभे राहिले. आज लष्कराच्या वादकांचं मोठं प्रशिक्षण केंद्र मध्य प्रदेशात पचमढीला आहे आणि नौदलाची संगीतशाळा मुंबईत. तिथेही वाचन हाच पाया असतो.

म्हणूनच गोव्यातल्या सोहळ्यात इथल्याच धुना वाजाव्यात असं वाटणं रास्त आहे. पण निवड करताना पायांचा हिशेब पाहावा लागतो. माणसाला पाय दोन. चालीची धून दोन किंवा चारच्या वजनाची लागते, किंवा सहाच्या वजनात दोनच ठळक ठोके असावे लागतात. देखणी, दुलपद आणि मांडो हे गोव्याचे गीतप्रकार घेऊ. देखणी दोनच्या वजनात असते, ती थेट चालते. दुलपद सहाच्या जलद वजनात असतं, त्यात तीन-तीन मात्रांचे दोन गट पडतात, म्हणून प्रत्येक गटाला एक पाऊल ठेवून तेही छान चालतं. दादऱ्याच्या अंगाचं गाणंही याच रीतीने बसतं आणि केरव्याचं तर सहज बसतं. मांडो मात्र संथ, तीनच्या वजनाचा. त्याचा जोराचा ठोका एकदा डाव्या पायावर येतो तर पुढच्या वेळी उजव्यावर. तो ओढूनताणून चारमध्ये बसवला की त्याचा जीवच जातो. मांडो उभ्याने, पाहुणे येईपर्यंतच्या वेळात किंवा संध्याकाळच्या वाद्यवृंदात वाजवावा. तिथे युफोनियम आणि क्लॅरिनेट त्याला न्याय देतात. रूपक आणि झपतालाचंही तसंच: सात आणि दहा मात्रांची वाटणी पायांना मानवत नाही.

घुमट, म्हणजे कातडं मढवलेलं मातीचं तालवाद्य, बँडबरोबर घेण्याची हौस अलीकडे दिसते. २०१९ साली घुमटाला राज्याच्या वारसावाद्याचा मान मिळाल्यावर ती वाढणं साहजिक आहे. पितळी वाद्यांच्या माऱ्यापुढे घुमटाचा घुमारा टिकत नाही. घुमट आणि त्याच्या जोडीच्या शामेळ या तालवाद्याला चार-आठ आवर्तनं स्वतंत्र द्यावीत, बँडने तेवढं गप्प राहावं. घोरपडीच्या कातड्यावर वन्यजीव कायद्याने बंदी असल्यामुळे आता बकऱ्याचं कातडं वापरतात. दमट हवेत ते सैल पडतं आणि ड्रमसारखे स्क्रू नसल्याने वाजवण्याआधी ऊन दाखवूनच ताणावं लागतं.

राष्ट्रगीताआधीचे सहा सेकंद

बँडवर राष्ट्रगीत वाजवताना आधी ड्रमची घरघर होते, ती श्रोत्यांना सावध करण्यासाठी. गृहमंत्रालयाच्या आदेशात तिचं मोजमाप दिलेलं आहे: धीम्या चालीची सात पावलं. हळू सुरू व्हायची, चढत जाऊन शक्य तितकी मोठी व्हायची, पुन्हा उतरायची, पण सातव्या ठोक्यापर्यंत ऐकू येत राहायची. मग एका ठोक्याची शांतता आणि लगेच राष्ट्रगीत. धीमी चाल सत्तरची धरली तर ही घरघर सहा सेकंदांची होते. उठून सावधान उभं राहायला तेवढा वेळ पुरतो. आधी तुतारीची धून वाजली असेल तर घरघर लागत नाही.

पूर्ण राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद लागतात. लष्करी मेसमध्ये शुभेच्छापानाच्या वेळी वाजतं ते संक्षिप्त, पहिल्या आणि शेवटच्या ओळींचं, सुमारे २० सेकंदांचं. राज्यपालांना "राष्ट्रीय सॅल्यूट, सलामी शस्त्र" या हुकुमावर जी मानवंदना मिळते तिच्यात राष्ट्रगीत पूर्ण असतं.

लोक गात असले की पहिली ओळ हमखास विस्कटते. घरघरीला स्वतःची लय असते, ती राष्ट्रगीताची लय नव्हे, आणि सुरुवातीचा स्वर आधी ऐकवलेला नसतो. त्यामुळे जमाव अर्धा ठोका मागून धरतो आणि बँड त्याच्यासाठी थांबू लागला की ५२ सेकंदांचं राष्ट्रगीत मिनिटावर जातं. बँडमास्तराने थांबू नये. शाळेतली गाणारी मुलं बँडला अगदी लागून उभी करावीत आणि त्यांनी आदल्या दिवशी घड्याळ लावून सराव करावा. दुसऱ्या ओळीपासून मैदान आपोआप त्यांच्यामागे येतं.

बिगुलाचे पाच स्वर

पणजीच्या आझाद मैदानावर, पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकापाशी किंवा १९६१ च्या कारवाईत अंजदीव बेटावर प्राण दिलेल्या नौसैनिकांच्या आयएनएस गोमंतक इथल्या स्मारकासमोर पुष्पचक्र वाहिलं जातं, तेव्हा सर्वांत मोठी जबाबदारी अख्ख्या बँडवर नसते, एका बिगुलवाल्यावर असते.

क्रम असा. पुष्पचक्र ठेवलं जातं. "शोक शस्त्र" हा हुकूम होतो, जवान रायफलीची नळी जमिनीकडे करून दस्त्यावर हात ठेवतात आणि मान झुकवतात. बिगुलावर लास्ट पोस्ट वाजतो. मग दोन मिनिटांची शांतता. ती संपल्याचं कुणी बोलून सांगत नाही, बिगुलच राउज वाजवून सांगतो. लास्ट पोस्ट मूळचा छावणीतला रात्रीचा इशारा: पहारे तपासून झाले, दिवस संपला. राउज सकाळी उठवण्याचा. पहिल्याने निरोप द्यायचा आणि दुसऱ्याने जिवंतांना पुन्हा कामाला बोलवायचं, असा या जोडीचा अर्थ आहे. माझ्या मते सगळ्या सोहळ्यात याहून नेमकं काही वाजत नाही.

बिगुलाला ना पडदे, ना कळा. एका लांबीच्या नळीत निसर्गतः उमटणारे स्वरच मिळतात आणि इशाऱ्यांत त्यांतले मुख्यतः पाच वापरतात: खालचा सा, प, वरचा सा, वरचा ग, वरचा प. सगळं काम ओठांच्या ताणाचं आणि श्वासाचं. वर जाल तसे हे स्वर एकमेकांच्या जवळ येतात, खाली सा ते प एवढं अंतर असतं तर वर सा ते ग. म्हणून वरच्या स्वरावर ताण किंचित चुकला की ओठ शेजारच्या स्वरावर घसरतो आणि स्वर फुटतो.

बहुतेक वेळा फुटतो तो पहिलाच स्वर. बिगुलवाला अर्धा तास सावधान उभा असतो, भाषणं लांबलेली असतात, ओठ कोरडे आणि थंड पडलेले असतात. जाणते बिगुलवाले मुखनळी मुठीत धरून ऊबदार ठेवतात, आपली वेळ येण्याआधी नळीतून आवाज न करता एक-दोन लांब फुंकर सोडतात आणि पाण्याचा एक घोट मागून घेतात. आयोजकांनी एवढंच करावं: बिगुलवाल्याला सावलीत उभं करावं आणि मानवंदनेआधीची भाषणं आखडती घ्यावीत. आणि श्रोत्यांनी लास्ट पोस्टनंतर टाळ्या वाजवू नयेत. तिथून राउजपर्यंतचा वेळ शांततेचा आहे.

सूर्यास्ताचं गणित

बीटिंग रिट्रीटचा उगमही छावणीतलाच. सूर्य मावळताना वाद्य वाजे, लढाई थांबे, सैन्य तळावर परते आणि निशाणं उतरवली जात. दिल्लीत विजय चौकात २९ जानेवारीला हा सोहळा होऊन प्रजासत्ताक दिनाची सांगता होते. २०२२ पासून तिथे 'अबाइड विथ मी' या प्रार्थनेच्या जागी 'ऐ मेरे वतन के लोगो' वाजू लागलं. नौदलात ध्वज सकाळी ८ वाजता चढतो आणि सूर्यास्ताला उतरतो. ४ डिसेंबरच्या, म्हणजे १९७१ च्या कराचीवरच्या हल्ल्याची आठवण असलेल्या नौदल दिनाच्या आसपास, संध्याकाळी होणाऱ्या कार्यक्रमात हेच उतरणं मुख्य असतं.

ध्वज चढवायचा झपाट्याने, उतरवायचा सावकाश. उतरणारा ध्वज आणि धून एकाच क्षणी संपली पाहिजेत, आणि नेमकं इथेच बिघडतं. दोरी ओढणारा घाईत असेल तर ध्वज हातात येतो आणि बँड अजून अर्ध्या धुनेत असतो. म्हणून तालमीत दोरीवर मधोमध खूण करून घेतात. धून निम्मी झाली की ध्वज त्या खुणेवर हवा. पुढे असेल तर हात मंदावायचा. बँडने वेग बदलायचा नसतो.

इथली हवा

गोव्यातला बँड निम्मा वेळ हवेशी झुंजत असतो. हवा तापली की फुंकवाद्यांचा सूर चढतो, दहा अंशांच्या फरकाला अर्ध्या स्वराच्या पाव ते तिसऱ्या हिश्शापर्यंत. डिसेंबरात सकाळी सातला जुळवलेला बँड अकराच्या उन्हात चढा वाजतो. सगळेच चढले तर कळत नाही, पण ग्लॉकनश्पील या वाद्याच्या धातूच्या पट्ट्यांचा सूर जागचा हलत नाही, त्या वाजल्या की फरक कानाला टोचतो. सूर मैदानावरच, वाद्यं दहा मिनिटं वाजवून गरम झाल्यावर जुळवावेत आणि ऊन वाढलं की पुन्हा. वातानुकूलित खोलीतून वाद्य थेट बाहेर आणलं तर आत-बाहेर पाणी धरतं, म्हणून अर्धा तास आधी काढून ठेवावं.

गोव्याचा १८ जूनचा क्रांतिदिन ऐन पावसात येतो. त्या दिवसांत क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोनच्या कळांखालच्या गाद्या ओल धरतात, चिकटतात आणि कळ उघडायला उशीर होतो. गादीखाली टिपकागदाचा पातळ तुकडा ठेवून कळ दाबली की ओल निघते. लाकडी क्लॅरिनेट भिजून लगेच उन्हात गेला तर तडकतो. स्वरलेखनाचे कागद प्लास्टिकच्या पाकिटात हवेतच. पितळी वाद्यांना समुद्राची खारी हवा आणि हाताचा घाम खातो: वाजवून झाल्यावर आतलं पाणी काढावं, बाहेरून सुक्या कापडाने पुसावं, व्हॉल्व्हला तेलाचे दोन-तीन थेंब द्यावेत. व्हॉल्व्ह अडकला तर पक्कड लावू नये. कोमट पाण्यात धुऊन तेल दिलं की तो बहुधा सुटतो.

एखाद्या संस्थेला बँड बोलवायचा असेल तर मागणी लेखी आणि पुष्कळ आधी करावी. नुसता दिवस न कळवता ध्वज कधी, राष्ट्रगीत कधी, मानवंदना कधी हे मिनिटांनिशी कळवावं. तीस वादक पाचाच्या सहा रांगांत उभे राहिले तरी साधारण ७ मीटर रुंद आणि १० मीटर लांब जागा लागते. चालत वाजवून मागे वळायचं असेल तर लांबी तिपटीने धरावी आणि जमीन सपाट असावी, कारण वादकाची नजर कागदावर किंवा बँडपुढे चालणाऱ्या ड्रम मेजरच्या काठीवर असते, पायाखाली नसते. सावली आणि पिण्याचं पाणी बँडच्या जागेपाशीच ठेवावं, पत्तीचं वाद्य कोरड्या तोंडाने वाजत नाही.